वीस वर्षांनी पुन्हा इलेक्ट्रॉनिक्स: एकच दिवा तीन वेळा बनवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. कॉलेजात असताना ५५५ (टायमर आयसी), बीसी ५४७ (छोटा ट्रान्झिस्टर), ७८०५ (५ व्होल्टचा रेग्युलेटर) वापरून बरंच काही बनवलं, मग नोकरी-संसारात सगळं माळ्यावर गेलं. आता वीस वर्षांनी खोका खाली काढलाय. त्यात जुने पार्ट, २५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न आणि काट्याचा मल्टीमीटर आहे. जो तो ‘अर्डुइनो घ्या’ म्हणतो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड), आणि नवे पार्ट तर मुंगीएवढे झालेत. जुनं सगळं टाकून द्यायचं का, नवीन काय घ्यायचं आणि सुरुवात कुठून करायची?

परत येणाऱ्यांची गाडी सहसा पार्टांवाचून अडत नाही. ती अडते दोन ठिकाणी. पहिलं म्हणजे डोक्याला सगळं आठवत असतं, पण हात विसरलेले असतात. त्यामुळे पहिल्याच महिन्यात घरभर सेन्सर लावण्यासारखं मोठं काम अंगावर घेतलं जातं आणि ते अर्धवट पडतं. दुसरं म्हणजे मधल्या वर्षांत काही गृहीतकं बदलली. ५ व्होल्टच्या जागी ३.३ आलं, १ जुलै २००६ पासून युरोपात शिशाच्या सोल्डरवर बंधनं आली आणि पाठोपाठ कारखान्यांतून ते जवळपास गेलंच, आयसीचे पाय भोकातून खाली जाण्याऐवजी पॅडवरच बसायला लागले. जुनी सवय नेमकी अशा जागी चुकते, आणि चुकली हे कळतही नाही. ओहमचा नियम मात्र तुम्ही नसताना कोणी बदललेला नाही, त्यामुळे पहिल्यापासून कोर्स करत बसू नका.

माझा सल्ला असा, की एकच छोटी वस्तू तीन वेळा बनवा. बटण दाबलं की लागणारा आणि पाच मिनिटांनी आपोआप विझणारा १२ व्होल्टचा एलईडी पट्टीचा दिवा घ्या. एकदा ५५५ वर करा, एकदा मायक्रोकंट्रोलरवर (प्रोग्रॅम करता येणाऱ्या चिपवर), आणि शेवटी स्वतः आखलेल्या छोट्या पीसीबीवर (छापील सर्किट बोर्डवर). वीस वर्षांत जे बदललं त्यातलं बहुतेक या तीन फेऱ्यांत समोर येतं, आणि दरवेळी काहीतरी पूर्ण होतं.

हे तुमच्या जुन्या आवडीवर थोडं अवलंबून आहे हे कबूल. रेडिओत रस असेल तर तिसऱ्या फेरीऐवजी एसआय ५३५१ या क्लॉक आयसीचा बोर्ड घ्या. आठ किलोहर्ट्झपासून १६० मेगाहर्ट्झपर्यंतची फ्रिक्वेन्सी एका चिपमधून मिळते, क्रिस्टल शोधत फिरायचे दिवस गेले. ऑडिओत असाल तर जुने पॉवर ट्रान्झिस्टर घेताना जपून, जे नंबर बंद झालेत त्यांच्या नावाने नकली माल फार फिरतो. पण पहिली दोन वेळची उजळणी कोणालाच चुकत नाही.

आधी खोका. सगळं फेकू नका आणि सगळ्यावर विश्वासही ठेवू नका. कार्बन फिल्म आणि मेटल फिल्म रेझिस्टर, सिरॅमिक आणि पॉलिएस्टर कपॅसिटर, डायोड, ट्रान्झिस्टर, आयसी हे कोरड्या जागी असतील तर बहुधा ठणठणीत निघतात. आयसीचे पाय काळे पडले असतील तर खोडरबराने पुसा, नाहीतर सोल्डर धरत नाही. जाड, तपकिरी नळीसारखे कार्बन कॉम्पोझिशन रेझिस्टर मात्र मोजून घ्या. त्यांची किंमत वर्षांनुवर्षं वर सरकते, दहा टक्क्यांपेक्षा जास्त सरकली असेल तो बाजूला काढा. थेंबाच्या आकाराचे जुने टँटलम मी सप्लायच्या लाइनवर वापरत नाही, कारण ते बिघडताना शॉर्ट होतात. व्हॉल्यूम कंट्रोल खरखरत असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून वीस-पंचवीस वेळा पुढेमागे फिरवा. सेल आत राहून फुटलेले असतील तर ते आधी बाहेर काढा. अल्कलाइन सेलचं पांढरं पीठ व्हिनेगरच्या बोळ्याने निघतं, नंतर पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसून पूर्ण वाळू द्या.

खरा संशयित आहे इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर. त्याच्या आतला ऑक्साइडचा थर न वापरता पडून राहिला की विरत जातो आणि लीकेज, म्हणजे आतून गळणारा करंट, वाढतं. अशा कपॅसिटरला थेट पूर्ण व्होल्टेज देऊ नका. १० किलोओहमचा रेझिस्टर सीरीजमध्ये लावून, पोलॅरिटी नीट बघून सप्लाय द्या आणि मीटर त्या रेझिस्टरवर लावा. कपॅसिटर भरत जातो तसं रेझिस्टरवरचं व्होल्टेज उतरतं. १० किलोओहमवर १० मिलीव्होल्ट म्हणजे १ मायक्रोअँपिअर, इतका सोपा हिशेब. दहा-पंधरा मिनिटं तसंच ठेवा. थर पुन्हा तयार होतो आणि आकडा खाली येत राहतो. आकडा एका जागी अडकला किंवा वर चढायला लागला, तर कपॅसिटर कचऱ्यात. डोकं फुगलेला किंवा बुडाशी ओल असलेला तपासण्यात वेळ घालवू नका. हा १० मिलीव्होल्टचा आकडा लक्षात असू द्या, पहिल्या फेरीत तो लागणार आहे.

आता हत्यारं. एकच गोष्ट घ्यायची असेल तर तापमान ठरवता येणारं सोल्डरिंग आयर्न घ्या, ५०-६० वॉटचं. जुनं २५ वॉटचं आयर्न नुसतं ठेवलं तर गरजेपेक्षा बरंच जास्त तापतं आणि बिट (आयर्नचं टोक) काळी पडते. मोठ्या ग्राउंडला टेकवलं की मात्र एकदम थंड होतं, कारण त्याला हे दोन्ही प्रसंग वेगळे कळतच नाहीत. बिट सुईसारखी नको, दोन ते अडीच मिलिमीटर रुंद, छिन्नीच्या तोंडाची घ्या. बारीक कामाला बारीक टोक लागतं हा समज जुना आणि चिवट आहे. उष्णता टेकण्याच्या क्षेत्रफळातून जाते, सुईच्या टोकातून ती फारशी जात नाही, मग माणूस जोर देतो आणि पॅड उखडतो. नव्या बिटेवर लोखंडाचा मुलामा असतो, तिच्यावर कानस किंवा पॉलिश पेपर चालवू नका. पूर्वी तांब्याची बिट घासायचो, तो रिवाज इथं बिट मारतो.

सोल्डर घरी वापरायला ६३/३७ चं, आत रोझिन असलेलं, ०.६ ते ०.८ मिलिमीटर जाडीचं. ते १८३ अंश सेल्सिअसला वितळतं, आयर्न ३२० ते ३४० वर ठेवा. शिसं त्वचेतून फारसं जात नाही, हाताला लागून तोंडात जातं, म्हणून काम झालं की हात धुवा आणि टेबलावर खाणंपिणं नको. कारखान्यातून आलेल्या बोर्डवर मात्र शिसेविरहित सोल्डर असतं, ते २१७ अंशांच्या आसपास वितळतं, तिथं आयर्न ३५०-३७० वर न्यावं लागतं. आणि एक जुना धडा विसरावा लागेल. ‘जॉइंट चमकला नाही म्हणजे ड्राय सोल्डर’ असं आपण शिकलो, पण शिसेविरहित जॉइंट चांगला असला तरी मळकटच दिसतो. चमक बघू नका, कड बघा. सोल्डर पॅडवर पसरत, निमुळतं होत संपलेलं असेल तर जॉइंट चांगला. गोळी होऊन नुसतं बसलेलं असेल तर वाईट.

दुसरी खरेदी साधा डिजिटल मल्टीमीटर. काट्याचा मीटर टाकू नका, हळूहळू हलणारं व्होल्टेज बघायला तो अजून छान. पण एक फरक ध्यानात ठेवा. बहुतेक काट्याच्या मीटरमध्ये ओहमच्या रेंजवर आतल्या सेलचा पॉझिटिव्ह काळ्या वायरला येतो. डिजिटलमध्ये तो लाल वायरला असतो. जुन्या सवयीने डायोड किंवा ट्रान्झिस्टर तपासला की उत्तर बरोबर उलटं येतं, आणि चांगला एनपीएन ट्रान्झिस्टर उलट्या प्रकारचा, पीएनपी ठरतो. करंट मोजून झाल्यावर लाल पिन परत व्होल्टच्या भोकात घालायची सवय लावा. ती अँपिअरच्या भोकात राहिली आणि व्होल्टेज मोजायला गेलात तर तुम्ही सप्लाय शॉर्ट करताय.

तिसरी गोष्ट उजेड आणि भिंग. चाळिशी लागली असेल तर वाचायचा चष्मा सोल्डरिंगला पुरत नाही, कारण त्याचं अंतर वेगळं असतं. डोक्याला लावायचं भिंग किंवा दिव्याचं गोल भिंग घ्या. हात थरथरतो अशी तक्रार असते, तिथं बहुतेक वेळा मनगट हवेत असतं. दोन्ही मनगटं टेबलाला टेकवा आणि बोर्ड हलणार नाही असा पकडा. ऑसिलोस्कोप आता नको. लागेल तेव्हा तुम्हालाच कळेल की कशासाठी लागतोय.

ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता पार्ट खोचायचा बोर्ड) जुना असेल तर नवा घ्या, आतल्या पट्ट्या सैल पडलेल्या असतात आणि अशा सर्किटमधला दोष शोधताना माणूस स्वतःवरच शंका घेतो. लांब ब्रेडबोर्डच्या सप्लाय लाइन अनेकदा मध्यावर तुटलेल्या असतात, छापील लाल रेघ तिथं खंडित दिसते. वायरचा तुकडा टाकून त्या जोडा.

पहिली फेरी, ५५५ ची. हा आयसी १९७२ पासून बाजारात आहे आणि तुमच्या खोक्यात तो असणारच. मोनोस्टेबलचं (एकदा चालू होऊन ठरल्या वेळाने आपोआप बंद होणाऱ्या जोडणीचं) सूत्र आठवत असेल, वेळ म्हणजे १.१ गुणिले आर गुणिले सी. एक मेगाओहम आणि २७० मायक्रोफॅरड घेतले तर २९७ सेकंद, म्हणजे जवळपास पाच मिनिटं. २ नंबर पिनला १० किलोओहमने सप्लायकडे ओढा आणि बटणाने ग्राउंड करा, ४ नंबर सप्लायला, ५ नंबरला १० नॅनोफॅरड, ६ आणि ७ एकत्र, तिथून सप्लायकडे एक मेगाओहम आणि ग्राउंडकडे २७० मायक्रोफॅरड, सप्लायच्या पिनांजवळ १०० नॅनोफॅरड. जुन्या धाटणीचा ५५५ आउटपुट बदलताना क्षणभर सप्लायमधून बराच करंट ओढतो, हा १०० नॅनोफॅरड गाळला की शेजारचं सर्किट बिनकारण उडतं.

त्याआधी अ‍ॅडॅप्टर मोजा. खोक्यातला जड, ट्रान्सफॉर्मरवाला ‘१२ व्होल्ट’चा अ‍ॅडॅप्टर लोड नसताना १६-१७ व्होल्ट दाखवू शकतो, आणि साध्या ५५५ ची मर्यादा १६ आहे. हलका, स्विचिंग प्रकारचा नवा अ‍ॅडॅप्टर घ्या, आणि तो मेनपासून आयसोलेटेड हवा. कपॅसिटरने व्होल्टेज उतरवणारी बिनट्रान्सफॉर्मरची सर्किटं पहिलं वर्षभर तरी नकोत, त्यांच्या आउटपुटला हात लागणं म्हणजे मेनला हात लागणं.

एक मीटरच्या साध्या पट्टीला अर्धा अँपिअर धरा. बीसी ५४७ ची मर्यादा १०० मिलीअँपिअर, तो इथं कामाचा नाही. आयआरएफ ५४० हा मॉसफेट (गेटवरच्या व्होल्टेजने उघडणारा, स्विचसारखा ट्रान्झिस्टर) लावा. पट्टीचा पॉझिटिव्ह १२ व्होल्टला, निगेटिव्ह ड्रेनला, सोर्स ग्राउंडला. गेटला ५५५ च्या ३ नंबर पिनवरून १०० ओहम, गेट ते सोर्स १० किलोओहम.

बटण दाबलं, दिवा लागला, आणि विझतच नाही. खोक्यातला कपॅसिटर लावला असेल तर हे हमखास होतं. ५५५ विझतो कपॅसिटर ८ व्होल्टला पोचल्यावर, म्हणजे सप्लायच्या दोन तृतीयांशावर. त्या क्षणी एक मेगाओहमवर उरतात ४ व्होल्ट, म्हणजे त्यातून येणारा करंट फक्त ४ मायक्रोअँपिअर. कपॅसिटरचं लीकेज ४ मायक्रोअँपिअर असेल तर आलेलं सगळं तिथंच गळतं आणि व्होल्टेज ८ ला पोचतच नाही. भोक पडलेल्या बादलीखाली नळ बारीक सोडावा तसं. लीकेज एकच मायक्रोअँपिअर असेल तर दिवा विझतो, पण वेळ सुमारे १८ टक्के लांबते. म्हणून वर सांगितलेल्या परीक्षेत १० मिलीव्होल्टच्या खाली उतरलेलाच कपॅसिटर इथं घ्या. तरीही इलेक्ट्रोलायटिकची किंमत वीस टक्के इकडेतिकडे असते, त्यामुळे पाच मिनिटांची चार किंवा सहा होणारच. मायक्रोकंट्रोलर कशाला हवा, या प्रश्नाचं उत्तर इथं हातात मिळतं.

दुसरी फेरी. बोर्ड कोणता, यावर पुष्कळ वाद होतात. अर्डुइनो २००५ मध्ये इटलीतल्या इव्ह्रियात सुरू झालं, वायफायवाला ईएसपी ३२ आला २०१६ मध्ये, रास्पबेरी पाय पिको २०२१ मध्ये. नवे दोन्ही बोर्ड ताकदीने कितीतरी पुढे आहेत. तरी जुन्या माणसाला मी आधी अर्डुइनो उनो देतो, कारण तो ५ व्होल्टचा आहे, तुमच्या खोक्यातल्या बहुतेक गोष्टी त्याला थेट जोडता येतात, आणि पायांची चिप असलेल्या उनोवर चूक झाली तर बेसमधली चिप काढून दुसरी बसवता येते. ईएसपी ३२ आणि पिको ३.३ व्होल्टचे. त्यांच्या पिनवर ५ व्होल्ट दिले तर पिन जाऊ शकते, कधी लगेच, कधी महिन्याने. ५ व्होल्टचा सिग्नल द्यायचाच असेल तर १० आणि २० किलोओहमचा डिव्हायडर लावा, ३.३३ व्होल्ट मिळतात. वायफाय हवं असेल तेव्हा ईएसपी ३२ कडे जा, आणि त्याला किमान ५०० मिलीअँपिअर देणारा सप्लाय द्या. वायफाय सुरू होताना बोर्ड पुन्हा पुन्हा रीसेट होत असेल तर प्रोग्रॅममध्ये चूक शोधू नका, आधी सप्लाय आणि यूएसबीची केबल तपासा.

आता तोच आयआरएफ ५४०, जो ५५५ वर गार होता, तो इथं कुरकुर करतो. डेटाशीटमध्ये थ्रेशोल्ड २ ते ४ व्होल्ट लिहिलंय, म्हणून ५ व्होल्ट पुरतील असं वाटतं. पण थ्रेशोल्ड म्हणजे पाव मिलीअँपिअर वाहायला लागतो ते व्होल्टेज, मॉसफेट तेव्हा नुसता किलकिला झालेला असतो. पूर्ण उघडल्यावरचा रेझिस्टन्स कोणत्या गेट व्होल्टेजला दिलाय ते बघायचं, आणि ५४० ला तो १० व्होल्टला दिलाय. ५५५ गेटला साडेदहाच्या आसपास देत होता, म्हणून तिथं सगळं सुरळीत होतं. ५ व्होल्टवर एखादा नग चालेल, दुसरा तापेल. ३.३ वर तर भरवसाच नाही. ५ व्होल्टच्या बोर्डला आयआरएलझेड ४४ एन घ्या, त्याचे आकडे ४ आणि ५ व्होल्टलाही दिलेले आहेत. १० किलोओहमचा गेट ते सोर्स रेझिस्टर इथं आणखी महत्त्वाचा. बोर्ड सुरू होताना पिन क्षणभर अधांतरी असते, तेव्हा हा रेझिस्टर नसेल तर दिवा आपोआप लुकलुकतो.

आणि ग्राउंड. १२ व्होल्टच्या अ‍ॅडॅप्टरचा निगेटिव्ह आणि बोर्डचा ग्राउंड जोडलेले नसतील तर काहीही चालणार नाही. बोर्ड यूएसबीवर आणि पट्टी अ‍ॅडॅप्टरवर असताना ही वायर विसरली जाते.

प्रोग्रॅमिंग पूर्वी केलं नसेल तरी घाबरायचं कारण नाही, या कामाला वीस ओळीही लागत नाहीत. बटण पिन आणि ग्राउंड यांच्यात लावा आणि पिन ‘इनपुट पुलअप’ मोडमध्ये ठेवा, बाहेरचा रेझिस्टर वाचतो. बटण दाबताना धातूच्या पट्ट्या काही मिलिसेकंद थरथरतात, म्हणून एकदा वाचल्यावर २०-५० मिलिसेकंद थांबून पुन्हा वाचा. पाच मिनिटं मोजायला ‘डिले’ ही थांबायची आज्ञा नको, ती चालू असताना बोर्ड बटणाकडे बघत नाही. ‘मिलिस’ने (बोर्ड सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद) सुरुवातीची वेळ टिपून ठेवा आणि आताच्या वेळेतून ती वजा करत राहा.

इथं दिवा पुन्हा एकदा विझेनासा होतो, यावेळी कपॅसिटर नसताना. तुम्ही सरळ ५ गुणिले ६० गुणिले १००० लिहिता, उत्तर ३ लाख. पण पायांच्या चिपच्या या उनोवर साध्या पूर्णांकाला १६ बिट मिळतात, ३२७६७ च्या पुढे तो मोजू शकत नाही. तिन्ही संख्या छोट्या असल्याने गुणाकारही त्याच छोट्या डब्यात होतो, ओसंडतो, आणि प्रत्यक्षात वजा २७६८० होतो. ‘मिलिस’शी तुलना करताना हाच आकडा चिन्हाविना वाचला जातो आणि ४२९ कोटींच्या वर जातो, म्हणजे साधारण ४९ दिवस आणि वर काही तास. कंपायलर फार तर एक इशारा देतो, तो वाचायची सवय नसते. पहिल्या पाचाला यूएल ही दोन अक्षरं चिकटवा, गुणाकार मोठ्या डब्यात होतो आणि दिवा वेळेवर विझतो. नवशिक्याला हा दोष हार्डवेअरमध्ये आहे असं वाटतं आणि तो मॉसफेट बदलत बसतो. बोर्डने आकडा सीरियल मॉनिटरवर छापला की मिनिटात कळतं.

जाता जाता एक. आताचे एलईडी पूर्वीच्या मानाने फार प्रखर आहेत. ५ व्होल्टला ३३० ओहम लावायची सवय असेल तर इंडिकेटर डोळ्यांत घुसेल, २.२ ते ४.७ किलोओहम भरपूर झाले.

तिसरी फेरी, स्वतःची पीसीबी. घरी बोर्ड कोरतानाचे ट्रेसिंग पेपर आणि फेरिक क्लोराइडचे डाग आता ऐच्छिक आहेत. कायकॅड हे मोफत सॉफ्टवेअर घ्या, सर्किट आखा, फाइल पाठवली की दोन लेयरचे बोर्ड छापून येतात. उनोऐवजी अ‍ॅटटिनी ८५ ही आठ पायांची चिप पुरते, तिच्यात प्रोग्रॅम घालायला तुमचा उनोच प्रोग्रॅमर म्हणून चालतो. मॉसफेट एओ ३४०० घ्या. हा तीन पायांचा ठिपका आहे, पण त्याचा रेझिस्टन्स अडीच व्होल्ट गेटलाही ५० मिलिओहमच्या आसपासच दिलेला आहे. अर्ध्या अँपिअरला तो बारा-तेरा मिलीवॉट खातो, म्हणजे गारच राहतो. पुढे ३.३ व्होल्टच्या बोर्डवर गेलात तर हाच चालेल.

१२ चे ५ व्होल्ट करायला इथं ७८एल०५ बस झाला. १० मिलीअँपिअरवर तो ७० मिलीवॉट तापतो, त्याला बक मॉड्यूल (कमी तापणारा स्विचिंग कन्व्हर्टर) लावणं म्हणजे डासाला तोफ. पण याच जागी ७८०५ वापरून अर्धा अँपिअर ओढला असता तर साडेतीन वॉट झाले असते आणि हीट सिंकशिवाय तो स्वतःच बंद पडला असता. म्हणून पट्टी नेहमी १२ व्होल्टवरच ठेवा. पिन मात्र बघून घ्या. ७८०५ समोरून बघताना इनपुट, ग्राउंड, आउटपुट असा आहे. ट्रान्झिस्टरच्या आकाराचा ७८एल०५, सपाट बाजू आपल्याकडे धरली तर, आउटपुट, ग्राउंड, इनपुट असा उलटा आहे.

फूटप्रिंटचीही, म्हणजे पीसीबीवरच्या पॅडच्या मांडणीची, अशीच एक ठेच. अ‍ॅटटिनी ८५ ची सहज मिळणारी एसएमडी (पॅडवरच बसणारी) चिप रुंद अंगाची असते, ५.३ मिलिमीटरच्या आसपास. कायकॅडमध्ये नुसतं ‘एसओआयसी ८’ निवडलं तर ३.९ मिलिमीटरचं अरुंद फूटप्रिंट येतं आणि पाय पॅडच्या बाहेर लटकतात. बोर्ड पाठवण्याआधी शंभर टक्के मापाने कागदावर छापा आणि खरे पार्ट त्यावर ठेवून बघा. दहा मिनिटांचं काम आहे, आठवड्याची वाट वाचते. पट्टीच्या करंटच्या वाटा एक मिलिमीटर रुंद ठेवा, जागा आहे तर कंजूषी कशाला.

रेझिस्टर आणि कपॅसिटर ०८०५ मापाचे, म्हणजे २ बाय १.२५ मिलिमीटरचे निवडा. भीती वाटत असेल तर १२०६, ते ३.२ बाय १.६ चे. रेझिस्टरवर आकडे असतात, १०३ म्हणजे १० किलोओहम. सिरॅमिक कपॅसिटरवर काहीच लिहिलेलं नसतं, म्हणून पाकिटातून एका वेळी एकाच किमतीचे बाहेर काढा. सांडून मिसळले तर मोजत बसावं लागतं. आणि सप्लायवर १० मायक्रोफॅरडचा सिरॅमिक लावणार असाल तर व्होल्टेजची रेटिंग दुप्पट तरी घ्या. हे छोटे सिरॅमिक रेटिंगजवळच्या डीसी व्होल्टेजला निम्म्याहूनही खाली येऊ शकतात, मीटरवर मात्र पूर्ण दिसतात, कारण मीटर डीसी न देता मोजतो.

सोल्डर करायची रीत अशी. दोनपैकी एकाच पॅडवर आधी थोडं सोल्डर घ्या. पार्ट चिमट्यात धरा, ते सोल्डर वितळवा आणि पार्ट बाजूने सरकवत आत आणा, वरून दाबू नका. आयर्न काढा, पण चिमटा एक-दोन सेकंद सोडू नका. मग दुसरी बाजू करा आणि शेवटी पहिली बाजू थोडा फ्लक्स (सोल्डर नीट पसरवणारा पदार्थ) लावून पुन्हा वितळवा. चिपचं तसंच, आधी कोपऱ्यातला एक पाय, मग आठही पाय पॅडवर सरळ आलेत का ते भिंगातून बघून समोरच्या कोपऱ्यातला. वाकडं असेल तर याच टप्प्यावर सरळ होतं, आठ पाय जोडल्यावर नाही. दोन पायांत पूल झाला तर जास्त सोल्डर घालू नका. फ्लक्स लावा, बिट स्वच्छ पुसा आणि पायांच्या दिशेने बाहेर ओढा, जादा सोल्डर बिटेवर चढून येतं.

बोर्ड तयार झाला की पट्टी न लावता, १२ व्होल्टच्या लाइनमध्ये १०० ओहम, २ वॉटचा रेझिस्टर सीरीजला घालून पहिला सप्लाय द्या. मीटर त्या रेझिस्टरवर. सगळं ठीक असेल तर १ व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून कमी दिसेल, म्हणजे १० मिलीअँपिअरच्या आत. कुठं शॉर्ट असेल तर सगळे १२ व्होल्ट रेझिस्टरवरच येतील, तो तापेल, पण १२० मिलीअँपिअरच्या वर काही जाणार नाही आणि बाकी काही जळणार नाही. २ व्होल्टच्या वर आकडा दिसला तर लगेच सप्लाय काढा आणि सगळ्यात आधी ७८एल०५ उलटा बसलाय का ते बघा.